निर्मिकाने दिलेला हक्क : अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा आणि नगरची वाट

राजाची आज्ञा मोडण्याचा अधिकार प्रजेला असतो काय, आणि असल्यास तो तिला कोणाकडून मिळतो, हा प्रश्न आज राज्यशास्त्राच्या पुस्तकांत सापडत असला तरी मुळात तो धर्मचिंतनाचा प्रश्न आहे. कारण ज्या काळात तो ऐरणीवर आला त्या काळात राजसत्ता स्वतःला ईश्वरी आज्ञेचा आधार सांगत होती, आणि तो आधार काढून घ्यायचा तर ईश्वराविषयीच काही वेगळे बोलणे भाग होते. या प्रश्नाला ढोबळमानाने तीन उत्तरे दिली गेली. हक्क परंपरेने मिळतो, म्हणजे वाडवडिलांना राजाने लिहून दिलेल्या सनदांतून आणि रूढ झालेल्या कायद्यांतून तो वारशाने येतो, हे एक उत्तर. हक्क मनगटाच्या जोरावर मिळतो आणि जिंकणाऱ्याच्याच घरी राहतो, हे दुसरे. माणूस जन्माला येतानाच निर्मात्याकडून हक्क घेऊन येतो, म्हणून कोणताही राजा तो देऊ शकत नाही आणि हिरावूनही घेऊ शकत नाही, हे तिसरे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तेरा ब्रिटिश वसाहतींनी १७६५ ते १७८३ या काळात जो लढा दिला, त्यात त्यांनी पहिल्या उत्तरापासून सुरुवात केली, तिसरे उत्तर जगापुढे मांडले आणि विजय मिळाल्यावर घरच्या व्यवहारात दुसऱ्या उत्तराचा आश्रय घेतला. त्या तिसऱ्या उत्तराचा अर्थ ज्यांनी पुढे पुरेपूर लावला त्यांत जोतीराव फुले यांचे स्थान फार वरचे आहे, आणि त्यांच्या वाटेवर अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे गाव लागते.

लढ्याची सुरुवात तत्त्वज्ञानातून झाली नाही, करातून झाली. फ्रान्सबरोबरच्या सप्तवार्षिक युद्धात ब्रिटनला मोठे कर्ज झाले, त्याचा भार वसाहतींनीही उचलावा म्हणून १७६५ मध्ये पार्लमेंटने स्टँप कायदा केला, आणि वृत्तपत्रे, करारपत्रे, परवाने इतकेच काय पत्त्यांचे जोड यांवरही सरकारी मुद्रांक सक्तीचा झाला. वसाहतींचा आक्षेप रकमेपेक्षा अधिकारावर होता. ज्या सभेत आपला एकही प्रतिनिधी बसत नाही तिने आपल्या खिशाला हात घालू नये, कारण संमतीवाचून कर न देणे हा इंग्रज माणसाचा पिढीजात हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या टप्प्यावर ते स्वतःला इंग्रजच समजत होते आणि इंग्रजांच्याच जुन्या सनदा पुढे करत होते. पुढच्या वर्षी कायदा मागे घेतला गेला, पण त्याच वेळी वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधून घेणारे कायदे करण्याची सत्ता आपल्याला आहे असे पार्लमेंटने वेगळ्या कायद्याने जाहीर केले, आणि सनदांचा आधार तिथेच लटका पडला. कारण सनदेचा अर्थ लावणारा अखेरचा न्यायाधीश जर प्रतिवादीच असेल तर त्या सनदेवर उभा असलेला हक्क त्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात तीन जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, म्हणजे पुढे ज्या कंपनीने पुण्याचे आणि नगरचे राज्य घेतले तिचाच. ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथे गोळीबार झाला तेव्हाही बहुसंख्य वसाहतवाल्यांना राजाशी नाते तोडायचे नव्हते, आणि याचे एक कारण धार्मिक होते. जी काही सत्ता पृथ्वीवर आहे ती ईश्वराने नेमलेली आहे, म्हणून तिला विरोध करणारा ईश्वराच्या योजनेलाच विरोध करतो, असे वचन बायबलच्या नव्या करारात पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे, आणि राजनिष्ठ पाद्री ते वारंवार पुढे करत. आपल्याकडे राजा हा विष्णूचा अंश असतो या समजुतीने जे काम केले तेच काम तिकडे या वचनाने केले. बॉस्टनचे धर्मोपदेशक जोनाथन मेह्यू यांनी १७५० मध्ये, पहिल्या चार्ल्स राजाच्या शिरच्छेदाच्या स्मरणदिनी, या वचनाचा अर्थ उलटा करून दाखवला होता. पौलाने राज्यकर्त्याला ईश्वराचा सेवक म्हटले ते लोकांच्या भल्यासाठी म्हणून म्हटले आहे. तेव्हा जो राज्यकर्ता लोकांचे वाटोळे करतो तो त्या वचनाच्या कक्षेतच येत नाही, आणि त्याला विरोध करणे हेच वचनाचे पालन होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी याच्याही आधी लिहून ठेवले होते की राज्यकर्ता आणि प्रजा यांच्या तंट्यात निवाडा करणारा पृथ्वीवर कोणी उरला नाही म्हणजे प्रजेने आपली फिर्याद स्वर्गापुढे मांडावी. आणि स्वर्गापुढे फिर्याद मांडणे म्हणजे शस्त्र हाती घेऊन निकाल ईश्वरावर सोपवणे. वॉशिंग्टनच्या पहिल्या गस्ती जहाजांच्या निशाणावर पाइन वृक्षाच्या चित्राबरोबर याच अर्थाचे शब्द होते.

तरीही लोकांच्या मनातले राजाचे देव्हाऱ्यातले स्थान हलवण्याचे काम एका परक्याने केले. थॉमस पेन हा इंग्लंडमधल्या थेटफर्ड गावच्या कारागिराचा मुलगा नोव्हेंबर १७७४ मध्ये अमेरिकेत उतरला आणि जानेवारी १७७६ मध्ये त्याची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली. तिचा मोठा भाग धार्मिक युक्तिवादाने भरलेला आहे. इस्राएली लोकांनी शमुवेल या संदेष्ट्याकडे राजा मागितला तेव्हा ईश्वर नाराज झाला, आणि राजा तुमची मुले, शेते व गुरे घेईल असा इशारा शमुवेलाने दिला, ही जुन्या करारातली कथा पेनने साध्या भाषेत उलगडली आणि राजपद हे ईश्वराचे दान नसून ईश्वराला डावलून माणसांनी ओढवून घेतलेले संकट आहे असा निष्कर्ष काढला. ज्यांच्या घरी दुसरे पुस्तक नव्हते पण बायबल होते अशा शेतकऱ्यांना आणि कारागिरांना हा युक्तिवाद तत्काळ समजला. सहा महिन्यांनी, ४ जुलै १७७६ रोजी, फिलाडेल्फियात जो जाहीरनामा मंजूर झाला त्यात इंग्रजांच्या सनदांचा आधार मागे पडला होता. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, निर्मात्याने त्यांना जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध यांचे असे हक्क दिले आहेत की जे कोणाला देऊन टाकता येत नाहीत, आणि या हक्कांच्या रक्षणासाठीच राज्ये स्थापन होतात, हे त्यात स्वयंसिद्ध सत्य म्हणून मांडले गेले. स्वयंसिद्ध म्हणजे ज्याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही, जे समजताच पटते असे.

त्याच वर्षांत मराठेही इंग्रजांशी लढत होते, आणि ही तुलना टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. १७७५ ते १७८२ हा पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा काळ. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांच्या फौजेला मराठ्यांनी नमते घ्यायला लावले, आणि सारातोगा येथे अमेरिकनांनी मिळवलेला विजय त्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधीचा. रणांगणावरच्या कर्तबगारीत मराठे कमी नव्हते. परंतु पुण्याच्या कारभाऱ्यांनी इंग्रजांशी जो वाद घातला तो गादीचा वारस कोण, साष्टी कोणाची आणि तह कोणी मोडला याविषयी होता. रयतेच्या हक्काचे एखादे तत्त्व त्या लढ्याच्या मुळाशी ठेवावे असे कोणाला सुचले नाही, आणि सुचण्याजोगी परिस्थितीही नव्हती. त्यामुळे ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेल्स्लीने शिंद्यांच्या ताब्यातला नगरचा किल्ला काही दिवसांतच घेतला आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा कुणबी-महारांच्या दृष्टीने राज्य बदलले, हक्काचे काही गेले असे झाले नाही. कारण त्यांच्या नावावर हक्क म्हणून काही लिहिलेलेच नव्हते. अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला, यावरून साम्राज्याला एका खंडातला पराभव दुसऱ्या खंडात कसा पचवता येतो तेही दिसते.

आता निर्मात्याच्या आधाराने मांडलेल्या हक्कात एक तार्किक बंधन असते, आणि या निबंधाचा खरा विषय ते बंधन हाच आहे. परंपरेने मिळालेला हक्क फक्त वारसाचा असतो. ‘आम्ही इंग्रज आहोत म्हणून’ असे म्हणणाऱ्याला इंग्रज नसलेल्यांविषयी काही बोलण्याची गरज पडत नाही. ‘निर्मात्याने माणसाला दिला म्हणून’ असे म्हणताच मात्र बोलणाऱ्याच्या हातून मालकी सुटते. हक्क मागणाऱ्याने ज्या तोंडाने राजाला बांधले त्याच तोंडाने स्वतःलाही बांधून घेतलेले असते, आणि जो जो माणूस आहे त्याला त्याला फिर्याद करण्याचा अधिकार आपोआप मिळतो. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनला हे अंधुक का होईना दिसले असावे. त्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा एक जळजळीत परिच्छेद होता. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने तो काढून टाकला. जेफरसनच्या हयातीत सहाशेहून अधिक गुलाम माणसे त्याच्या मालकीची होती, तेव्हा तो परिच्छेद राहिला असता तरी त्याची नैतिक किंमत किती धरावी हा प्रश्न उरतोच. १७८७ च्या राज्यघटनेने गुलाम हा शब्द टाळला आणि गुलामगिरीला संरक्षण दिले. १७९० च्या पहिल्या जनगणनेत त्या स्वतंत्र देशात सुमारे ७ लाख गुलाम मोजले गेले.

तरीही ते वाक्य लिहिले गेले होते आणि ते ऐकणारे कान घराघरात होते. मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावी कर्नल जॉन अ‍ॅशली यांच्या घरी बेट नावाची एक गुलाम स्त्री राबत असे. याच घरात जानेवारी १७७३ मध्ये गावच्या पुढाऱ्यांनी बसून ब्रिटिशांविरुद्धचे ठराव लिहिले होते, आणि निसर्गतः सर्व माणसे समान व स्वतंत्र आहेत हे तत्त्व त्यांच्या आरंभीच घातले होते. पाहुण्यांना वाढणाऱ्या बाईच्या कानावर ते शब्द पडत होते, याचा विचार त्या बैठकीत कोणाच्या मनात आला नसावा. पुढे घरच्या मालकिणीने चुलीतले तापलेले फावडे दुसऱ्या एका मुलीवर उगारले, बेटने आपला हात मध्ये घातला आणि त्या जखमेची खूण जन्मभर हातावर बाळगली, असे तिच्याविषयी लिहून ठेवलेले आहे. १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सची घटना झाली आणि सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत हे वाक्य तीत आले. तेव्हा बेट वकील थिओडोर सेजविक यांच्याकडे गेली आणि हे वाक्य आपल्यालाही लागू होते की नाही असे तिने विचारले. हे सेजविक शेफील्डच्या ठरावांच्या कामात स्वतः होते. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात पंचांनी तिच्या बाजूने निकाल दिला आणि तीस शिलिंगांची भरपाई मंजूर केली. तिने एलिझाबेथ फ्रीमन असे नाव घेतले. फ्रीमन म्हणजे मुक्त माणूस. तिला वाचता-लिहिता येत नव्हते, पण जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांतल्या अनेकांपेक्षा त्यातल्या तत्त्वाचा अर्थ तिला नीट कळला होता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

हे तत्त्व महाराष्ट्रात दोन वाटांनी आले, आणि गंमत अशी की त्या वाटा एकमेकींशी पटणाऱ्या नव्हत्या. पहिली वाट मिशनची. अमेरिकन बोर्ड या संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात पुन्हा युद्ध सुरू होते, म्हणून त्यांना परत धाडण्याचा हुकूम निघाला आणि बऱ्याच खटपटीनंतर त्यांना राहू दिले गेले. १८३१ मध्ये या मिशनने नगरला ठाणे घातले. मराठीतले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले. सिंथिया फरार, ज्यांना मराठीत ‘मिस फरार’ म्हणत, १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला; मधली सारी वर्षे त्यांनी मुलींच्या शाळा चालवण्यात घालवली. या कामाचे मोल कमी न करता हेही सांगितले पाहिजे की ज्या बोर्डाने नगरला शाळा घातल्या त्याने स्वदेशातल्या गुलामगिरीविषयी ठाम शब्द उच्चारला नाही. चेरोकी आणि चोक्टॉ या आदिवासींमधल्या आपल्या मंडळ्यांतून गुलामांच्या मालकांना वगळण्यास बोर्डाने १८४५ मध्ये नकार दिला, आणि त्यामुळे नाराज झालेल्यांनी पुढच्याच वर्षी वेगळी संस्था काढली. फिलाडेल्फियाची विसंगती अशी धर्मप्रचाराच्या कामातही उतरली होती.

दुसरी वाट पेनच्या पुस्तकांची. १७९१ आणि १७९२ मध्ये दोन भागांत निघालेल्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथात पेनने एडमंड बर्क यांना उत्तर दिले होते. हक्क हे पूर्वजांकडून आलेल्या मिळकतीसारखे असतात आणि म्हणूनच टिकतात, असे बर्कचे मत होते. पेनने विचारले की पूर्वजांपर्यंतच मागे जायचे तर मध्येच का थांबावे, थेट निर्मितीपर्यंत जावे, म्हणजे सारी माणसे एका पायरीवर उभी दिसतील. १७९४ मध्ये त्याने ‘द एज ऑफ रीझन’ लिहून बायबलचे ईश्वरप्रणीतत्व, चमत्कार आणि पुरोहितशाही यांवरही हल्ला चढवला. पेन नास्तिक नव्हता. सृष्टी हाच ईश्वराचा एकमेव ग्रंथ आणि माणसांशी न्यायाने वागणे हीच त्याची पूजा, असे त्याचे मत होते. निर्माता मानायचा पण त्याच्या आणि माणसाच्या मध्ये ग्रंथ, प्रेषित किंवा पुरोहित मानायचा नाही, या मताला पश्चिमेकडे डीइझम म्हणतात. मिशनऱ्यांना हा मनुष्य पाखंडी वाटे. पुण्यात १८४७ च्या सुमारास वीस वर्षांच्या जोतीरावांनी ‘राइट्स ऑफ मॅन’ मित्रांबरोबर वाचले, आणि १८४८ मध्ये ते त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहण्यास गेले. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पुस्तकात वाचलेला हक्क पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या मुलींच्या रूपाने त्यांना नगरला प्रत्यक्ष दिसला, असा या भेटीचा अर्थ लावता येतो. एका हाताने पेन आणि दुसऱ्या हाताने पेनला पाखंडी मानणाऱ्यांची शाळा, दोहोंपैकी कोणाचेही शिष्यत्व न पत्करता, त्यांनी घेतली. यातच त्यांच्या बुद्धीचे स्वातंत्र्य आहे.

१८७३ मध्ये निघालेल्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकाची अर्पणपत्रिका या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. पुस्तक मराठीत, जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात. अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना मात्र इंग्रजीतही. पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले आहे, पण कोणत्या कृत्याबद्दल? राजाविरुद्ध बंड केल्याबद्दल नव्हे. काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसल्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा या इच्छेने. म्हणजे जोतीरावांनी १७७६ ऐवजी गुलाममुक्तीचे १८६५ निवडले. अमेरिकेने परक्या राजाकडून काय मिळवले यापेक्षा स्वतःच्या घरात काय सोडून दिले ते त्यांना मोठे वाटले. ‘गुलामगिरी’च्या आधी पंचवीस वर्षे लोकहितवादींनी आपल्या शतपत्रांत असे भाकीत केले होते की हिंदी लोक शहाणे होतील तेव्हा अमेरिकेत झाले तसे येथेही होईल आणि ते इंग्रजांना आपल्या देशी जाण्यास सांगतील. दोघांनीही अमेरिकेचाच दाखला दिला, पण एकाने त्या इतिहासाचा पूर्वार्ध घेतला आणि दुसऱ्याने उत्तरार्ध. यावरून जोतीराव इंग्रजी राज्याचे भाट होते असा आरोप आजही अधूनमधून होतो, आणि तो टिकणारा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी विचारणा केली की सरकारचा महसूल राबणाऱ्या कुणब्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे कोणत्या न्यायाने? बॉस्टनच्या व्यापाऱ्यांची तक्रार आणि ही तक्रार एकाच जातीची आहे. फरक एवढाच की बॉस्टनच्या व्यापाऱ्यांना बंदूक परवडत होती.

जोतीरावांनी निर्मात्यासाठी ‘निर्मिक’ हा शब्द वापरला. ईश्वर, भगवान, परमात्मा हे शब्द पुराणांच्या आणि पूजाविधीच्या सहवासाने भरून गेले होते. निर्माण करणारा एवढाच अर्थ सांगणारा शब्द त्यांना हवा होता. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ लिहिले आणि ते त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. सत्याने वागणाऱ्यांसाठी त्यात ३३ नियम आहेत, आणि निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना स्वतंत्र व हक्कांचा उपभोग घेण्यास पात्र असे निर्माण केले आहे हा विचार त्यांच्या मुळाशी आहे. ‘स्त्री-पुरुष’ हा जोडशब्द जोतीराव जवळजवळ हट्टाने वापरतात. मार्च १७७६ मध्ये अबिगेल अ‍ॅडम्स यांनी पती जॉन अ‍ॅडम्स यांना पत्र लिहून नव्या कायद्यांत स्त्रियांची आठवण ठेवा असे विनवले होते, आणि त्यांनी ते हसण्यावारी नेले होते. तिथे राहिलेली उणीव या मराठी पुस्तकात व्याकरणातच भरून काढलेली दिसते. याच पुस्तकात एका कुटुंबात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असा असला तरी त्यांनी प्रेमाने एकत्र नांदावे, अशी कल्पना येते. अमेरिकेने १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत राज्याला धर्मापासून दूर ठेवले. जोतीराव त्याच्याही पुढे जाऊन घराचा उंबरठा ओलांडतात.

येथे एक गंभीर आक्षेप घेता येतो. हक्काला निर्माता हवाच काय? निर्माता न मानणाऱ्याने समतेचा दावा कशाच्या बळावर करावा? इंग्लंडमधल्या जेरेमी बेंथम यांनी नैसर्गिक हक्कांची कल्पनाच निरर्थक ठरवली होती. कायदा करतो तोच हक्क, बाकी सारे वक्तृत्व, असे त्यांचे मत. भारतीय परंपरेतून आलेला आक्षेप याहून खोल आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे जे बारा सदस्य नगरच्या किल्ल्यात डांबले गेले त्यांत बौद्ध दर्शनाचे अभ्यासक आचार्य नरेंद्र देव होते, आणि ज्या दर्शनाला त्यांनी आयुष्य दिले त्यात सृष्टिकर्त्याला स्थान नाही. तरी त्यातून समतेचा आणि करुणेचा आचार निघतो. अमेरिकेत शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहे. भारताच्या घटना समितीतही हा प्रश्न उभा राहिला होता. उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा ही ह. वि. कामत यांची सूचना १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली, आणि ‘आम्ही भारताचे लोक’ हेच उगमस्थान राहिले.

या आक्षेपाला दिलेले उत्तर असे असू शकते की निर्मात्याच्या कल्पनेने त्या युक्तिवादात जे काम केले ते सृष्टीची उत्पत्ती सांगण्याचे नव्हते. राजा, पूर्वज, बहुमत, पुरोहित यांपैकी कोणीही हक्काचा दाता ठरू नये, म्हणून दात्याची जागा माणसांच्या आवाक्याबाहेर ठेवणे हे ते काम होते. ती जागा निर्मिकाने भरली काय किंवा बुद्धाच्या मार्गाप्रमाणे सर्वांच्या समान दुःखाच्या जाणिवेने भरली काय, ती कोणा माणसाने बळकावू नये एवढे साधले म्हणजे पुरे. आंबेडकरांचा मार्ग तर्काच्या कसोटीवर अधिक निर्दोष आहे असे मान्य करावे लागते, कारण निर्मात्याच्या नावाने बोलणारा मध्यस्थ केव्हाही उपटू शकतो; परंतु ज्या समाजात प्रत्येक अन्याय देवाच्या नावाने होत होता, तिथे त्याच देवाला फिर्यादीच्या बाजूने उभे करण्यात जोतीरावांनी दाखवलेले धैर्य वेगळेच आहे.

नगरच्या किल्ल्यातले ते बारा कैदी ज्या वर्षी पकडले गेले, त्याच वर्षाच्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चर्चिल यांना लिहिले होते की १७८३ नंतरच्या काही वर्षांत तेरा राज्यांनी जशी तात्पुरती व्यवस्था करून पुढे घटना बनवली तसे काही हिंदुस्थानात करून पाहावे. चर्चिल यांना ते रुचले नाही. १ जुलैला गांधीजींनी रूझवेल्ट यांना पत्र लिहिले आणि त्यात नम्रपणे पण स्पष्टपणे दाखवून दिले की हिंदुस्थान आणि आफ्रिका पिळले जात असताना आणि खुद्द अमेरिकेत निग्रोंचा प्रश्न तसाच असताना लोकशाहीसाठी लढत असल्याची घोषणा पोकळ वाटते. शेफील्डच्या बेटने वकिलाला जे विचारले होते तेच येथे एका देशाने दुसऱ्या देशाला विचारले. उत्तर यायच्या आधीच, किंवा निदान त्याचा काही उपयोग होण्याच्या आधीच, किल्ल्याचे दरवाजे बंद झाले होते.

नगर जिल्ह्यापुरते बोलायचे तर समतेचा विचार येथे अमेरिकन गलबतातूनच आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. नेवाशाला, प्रवरेच्या काठी, ज्या खांबाला टेकून शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली तो खांब आजही लोक पाहायला जातात, आणि भक्तीच्या दारात कुळाची व जातीची विचारपूस होत नाही ही गोष्ट त्या टीकेने मराठी माणसाच्या मनात सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच, जोतीरावांच्या कितीतरी आधी, रुजवली होती. उणे एवढेच की देवापुढची ती समता पाणवठ्यावर, चावडीत आणि शाळेत कोणाला मागून घेता येत नव्हती. ती कृपा होती, फिर्याद करता येण्याजोगा हक्क नव्हती. अमेरिकनांकडे हक्काची भाषा होती आणि देवापुढची समता वर्णाच्या भिंतीशी अडली होती; वारकऱ्यांकडे देवापुढची समता होती आणि हक्काची भाषा नव्हती. जोतीरावांनी संतवाङ्मयावर कठोर टीका केली ती याच उणिवेपोटी, पण अभंगांनी पिढ्यान्‌पिढ्या नांगरून ठेवलेल्या जमिनीत त्यांचा ‘निर्मिक’ पेरला गेला हेही खरे आहे.

याच नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून जोतीरावांच्या सत्यशोधक परंपरेतल्या मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक चालवले आणि १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याला वाहून घेतलेले राहिले. शहरात छापखाना असतो आणि खेड्यात वाचकही नसतो अशा काळात त्यांनी खेड्यात छापखाना चालवला. फिलाडेल्फियाच्या जाहीरनाम्यात तिसऱ्या जॉर्जवरच्या आरोपांची लांबलचक यादी आहे: संमतीवाचून कर, आपल्या मर्जीतले न्यायाधीश, लोकांना छळणाऱ्या नोकरांच्या झुंडी. तरवडीच्या साप्ताहिकातली यादी गावची होती. तीत कुळकर्ण्याचे दप्तर होते, सावकाराचे खत होते, लग्नामुंजीतली भटाची दक्षिणा होती, आणि अक्षर न ओळखणाऱ्या कुणब्याने ज्याच्यावर अंगठा उठवला तो कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी होती.